नाव बाहेरच्या बाजूला

आमच्या घरात कुठली वस्तू कधी आली, कुणी आणली आणि कुठल्या फळीवर ठेवली, हे मला पाठ असतं. किराण्याची यादी वेगळी, औषधांची वेगळी, आहेरात आलेल्या वस्तूंची वेगळी. आमचे हे मला 'गोडाऊन कीपर' म्हणतात; म्हणू देत. तर नवनगरच्या आमच्या घरात एका रविवारी सकाळी ओट्यावर एक स्टीलचा पोळ्यांचा डबा दिसला, जो माझ्या कुठल्याच यादीत नव्हता. कोरा, जाड पत्र्याचा, आणि त्याच्या पोटावर माझं नाव. हल्ली यंत्रानं र्र्र करून नाव घालतात तसं नव्हे. जुन्या घागरींवर असायचं तसं, छिन्नीनं टिंब टिंब ठोकून घातलेलं.

"हा कुठून आला?"

"दुर्गदबैलमधून," पेपरातून तोंड न काढता हे म्हणाले. "दत्तूअण्णांच्या दुकानातून."

"कशाबद्दल?"

"असंच."

लग्नाला इतकी वर्षं झाली. 'असंच' म्हणून यांनी आजवर घरात कोथिंबिरीची काडी आणलेली नाही. सोमवारी कॉलेजच्या ऑफिसातून सुटल्यावर मी डबा पिशवीत घातला आणि थेट हुबळीची बस धरली.

दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीत एका बांगडीवाल्याच्या आणि एका कुंकूवाल्याच्या मधे ते दुकान होतं. दार अरुंद, आत दोन्ही बाजूंना छतापर्यंत एकात एक घातलेली पातेली. गादीवर साठीचा एक किडकिडीत माणूस, पांढरा हाफ शर्ट, खिशात पेनाच्या जागी छिन्नी. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी आधी त्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला, मग नाव वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"बसा की अक्का. काना-मात्रा बरोबर हाय न्हवं? तुमच्या मालकांनी सांगितलं तसं घातलं."

"पैसे किती झाले?"

"पोचले."

"कुणी दिले?"

अण्णांनी मागच्या फळीवरून एक मिसळणाचा डबा काढला. आपला नेहमीचा, गोल, आत वाट्या. हळद-मोहरीच्या जागी वाट्यांमध्ये रंगीत चकत्या भरलेल्या होत्या. त्यातली एक निळी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "हे दिलं. पणजीच्या नदीत बोट असते, जुगाराची. तिथली चिप. मोडीत घेतली मी."

जुनं तांबं-पितळ देऊन नवं भांडं घेतात, त्याला या धंद्यात मोड म्हणतात. जुगाराची चिप मोडीत घेणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि आमचे हे ऑफिसातल्या कुणाच्या तरी निवृत्तीची पार्टी म्हणून गोव्याला गेले होते, हे मला ठाऊक होतं. बोट ठाऊक नव्हती.

"एकदाच गेले असतील," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, पण यांची बाजू मीच घेतली.

"हौदल्री, खरं असेल. एकदाच म्हणणाऱ्याला मी डबा लगेच देतो अक्का. दोनदा म्हणणाऱ्याशी जरा बोलावं लागतं."

मग त्यांनी मला रीत सांगितली. बोटीवरून उतरताना चिपा परत देऊन पैसे घ्यायचे असतात. पण प्रत्येकाच्या खिशात एखादी राहतेच. विसरून नव्हे, 'पुढच्या खेपेला लागेल' म्हणून. ती चिप त्यानं अण्णांना द्यायची. अण्णा त्याला डबा देणार. डब्यावर नाव घरातल्या बाईचं. आणि नाव ठोकत असताना डबा त्या माणसानं स्वतःच्या दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. "प्रत्येक ठोका हाताला बसला पायजे. यंत्रानं गुदगुल्या होतात."

"आणि त्याचं नाव का नाही?"

"ज्यानं घालवलं त्याचं नाव कशाला? ज्याचं गेलं त्याचं नाव घालायचं." मी उठले तेव्हा त्यांनी बजावलं, "फळीवर ठेवताना नाव बाहेरच्या बाजूला ठेवा. पोळी घेताना रोज दिसू दे."

मी तसंच ठेवलं. यांनी त्यावर आजतागायत एक शब्द काढलेला नाही. फक्त पोळी घेताना झाकण फार सावकाश उघडतात.

दत्तूअण्णा आता नाहीत. ते डबे मात्र नवनगरात, जुन्या हुबळीत, अमरगोळच्या बाजार आवाराजवळच्या घरांत कुठं कुठं आहेत. कुणाच्या घरी गेले की माझी नजर आधी स्वयंपाकघरातल्या फळीकडे जाते, आणि टिंबांचं नाव दिसलं की मी पटकन दुसरीकडे बघते. त्या घरची बाईही माझ्याकडे बघत नाही. आम्ही दोघी चहाच्या पावडरीबद्दल बोलतो.

पैज हा शब्द अण्णांना सहन होत नसे. आमच्याकडे नागपंचमीला लोक कशावरही पैज लावतात. लिंबू किती फेकींत चौकापर्यंत जाईल, नारळ एका बुक्कीत फुटेल का, काहीही. त्या दिवशी अण्णांचं दुकान बंद. एकदा एक गिऱ्हाईक कळशी घेऊन आलं. "अण्णार, पैज लावतो, ही गळते बघा." अण्णांनी कळशी ओढून घेतली. "पैज कशाला? पाणी घाला. पाणी खोटं बोलत न्हाई." पाणी घातलं, कळशी गळाली. अण्णांनी दुसरी काढून दिली. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "बघा, पैज लावली असती तर जिंकलो असतो की."

"तेच म्हणतो मी. आज जिंकला असतास, उद्या घरातली सगळी भांडी घेऊन आला असतास."

अण्णांचे आजोबा मिरजेहून पितळेची भांडी घेऊन आले, वडिलांनी स्टील आणलं, आणि अण्णांनी या चिपा. दर शनिवारी मी तिथं जाऊ लागले, कारण मला विस्कळीत काही बघवत नाही. चिपा त्यांनी रंगाप्रमाणे लावलेल्या होत्या: तिखटाच्या वाटीत लाल, हळदीच्या वाटीत पिवळ्या, मोहरीच्या वाटीत काळ्या. मी म्हटलं, गावाप्रमाणे लावू, चिठ्ठ्या करू. त्यांनी मान्य केलं, एका अटीवर: आणणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर नको.

नुसत्या चिपाच नव्हत्या. हुबळीतल्या बंद पडलेल्या रमी क्लबांचे बिल्ले होते. सोंगट्या होत्या, कवड्या होत्या, गंजिफाची रंगवलेली गोल पानं होती. बोटीवर वापरून झालेले पत्त्यांचे जोड होते. त्या पत्त्यांना मधोमध भोक पाडलेलं असतं, पुन्हा कुणी डावात घालू नये म्हणून. ते भोक दाखवत अण्णा म्हणायचे, "पानाला सोय आहे बघा. माणसाला असं भोक पाडता येत न्हाई."

बोलत असताना त्यांचे हात चालू असत. दोन चिपा एकमेकींवर टाकायच्या आणि ऐकायचं. "भांडं टिंग म्हणतं. आपण आहे म्हणून सांगतं. ही बघा, टक् म्हणते आणि गप्प." एकेका चिपेची कड ते अंगठ्यानं चाचपत. तो अंगठा हातोडी बसून बसून चपटा झालेला होता. बेंगळुरूचे, पुण्याचे संग्राहक त्यांना फोन करत. मग अण्णा तासभर कडेवरच्या पट्ट्यांबद्दल, साच्यांबद्दल बोलत, आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राही. फोन ठेवला की एकदम ओशाळत. चोरून गूळ खाताना सापडलेल्या माणसासारखे.

पहिल्या मिसळणाच्या डब्यातली मधली वाटी रिकामी होती. मी दोन शनिवार पाहिलं, तिसऱ्या शनिवारी तिच्यात गोव्याच्या हिरव्या चिपा घालायला लागले. अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ती श्यामची."

श्याम त्यांचा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांनी लहान. त्यांच्या घरात दिवाळीच्या पाडव्याची एक रीत होती. दुकानातली पूजा झाली की गादीवरच पत्ते मांडायचे. पहिला डाव सगळ्यात धाकट्याचा, पण नाणं थोरल्याचं. थोरल्यानं नाण्यावर छिन्नीनं एक टिंब ठोकून ते धाकट्याच्या तळहातावर ठेवायचं. हा शकुन. डाव हरला तरी ते नाणं धाकट्याकडेच राही, आणि पुढच्या पाडव्याला त्यानं ते थोरल्याला परत द्यायचं. मग थोरला नवं देणार. दिलेला शकुन परत आल्याशिवाय नवा द्यायचा नाही, आणि परत घ्यायचा तो ज्यानं दिला त्यानंच.

काही वर्षांपूर्वी एका स्टीलच्या कंपनीनं दुकानदारांना गोव्याची सहल दिली. जोडीनं जायचं होतं. अण्णांच्या पत्नी कमलाक्का गाडी लागते म्हणून गेल्या नाहीत; अण्णांनी श्यामला नेलं. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांना नदीतल्या त्या बोटीवर चढवलं आणि प्रत्येकाच्या हातात थोड्या फुकटच्या चिपा दिल्या.

"श्याम टेबलाजवळ यायलाच तयार न्हवता," अण्णा सांगत होते. "मला यातलं कळत न्हाई अण्णा, मी वर वाऱ्याला बसतो म्हणाला. आणि मी काय केलं? पट्ट्याच्या काट्यानं चिपेवर टिंब कोरलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. शकुन घे म्हणालो. थोरल्यानं दिलेला शकुन नको म्हणायची रीतच न्हाई आमच्यात."

"तुम्हाला काय ठाऊक पुढं असं होईल?"

"ते न्हाई विचारत मी, अक्का. तो वर जाऊन बसत होता. मी हाक मारून खाली आणलं."

श्याम त्या संध्याकाळी जिंकला. टिंबाची चिप शकुनाची म्हणून खिशात ठेवली, बाकीचे पैसे घेतले, भावाला आणि वहिनीला कपडे आणले. पुढच्या शनिवारी एकटाच गोव्याच्या बसमध्ये बसला. मग दर शनिवारी. दुकानातला त्याचा वाटा गेला. बायको सुनंदा मुलीला घेऊन माहेरी गदगला गेली ती परत आली नाही. श्याम कारवारच्या एका लॉजमध्ये काउंटरवर बसतो, एवढंच अण्णांना ठाऊक होतं. ते दोनदा तिथं जाऊन आले होते. दोन्ही वेळा श्याम मागच्या दारानं बाहेर पडला.

ती एक चिप हाती येईना, म्हणून अण्णा इतरांच्या घेत सुटले. मला हे इतकं सरळ वाटलं की मी मनातल्या मनात हिशेब मिटवून टाकला: भावाबद्दलचं पाप, त्याचं हे प्रायश्चित्त. असं मिटवून टाकायची मला सवय आहे.

पण एका शनिवारी कुंदगोळकडचे एक मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, धोतर, डोक्यावर टोपी. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं सगळं काठमांडूच्या जुगारात घालवून आले होते. कन्नडमध्ये हळू आवाजात सांगत होते आणि सांगता सांगता त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत एक तपकिरी चिप. कडेला सोनेरी पट्टे.

"अरे वा!" अण्णा म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा कधीच पाहिला नव्हता. त्यांनी चिप उजेडाला धरली, अंगठा फिरवला. "ही तर बंद पडलेल्या..." आणि मग त्यांना समोर मास्तर दिसले. मास्तर त्यांच्याकडेच बघत होते. रुमाल तसाच उघडा होता.

अण्णांनी डबा काढला, मास्तरांना धरायला दिला, मुलीचं नाव ठोकलं. एकही टिंब हललं नाही. मास्तर गेल्यावर अण्णा बराच वेळ छिन्नी पुसत बसले.

"बघितलंत ना अक्का?"

"काय?"

"आधी आनंद झाला. वाईट मागनं वाटलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते त्यांनी ऐकलं नाही. ती तपकिरी चिप किती तरी दिवस त्यांनी वाटीत घातली नाही. पण फेकलीही नाही. कोनाड्यात गणपतीच्या मागे ठेवली होती, आणि येता-जाता तिकडे बघत होते, ते मला दिसत होतं.

त्यानंतर धारवाडला एका शाळेच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन भरलं. पोस्टाची तिकिटं, काडेपेट्या, जुनी कुलुपं. आयोजकांनी अण्णांना विचारलं. अण्णा नको म्हणत होते, पण ते 'नको' कच्च्या भांड्यासारखं होतं. टिचकी मारली की कळत होतं. मी चिठ्ठ्या नव्यानं सुवाच्य लिहून दिल्या, टेबलावर पांढरी चादर घातली, मिसळणाचे डबे उघडून मांडले. एका फळ्यावर मोठ्या अक्षरांत रीतही लिहिली: चिप द्या, घरच्या बाईच्या नावाचा डबा न्या. लोकांना ती फार आवडली. पोरांनी फोटो काढून सगळीकडे पाठवले. अण्णा नव्या शर्टात उभे होते आणि कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडे बघत होते, सांगू का, अशा नजरेनं.

त्यानंतर चिपा भराभर येऊ लागल्या. गर्दीत कोण दुसऱ्यांदा आलंय ते अण्णांच्या ध्यानात राहीना, आणि नावं चिठ्ठीवर नव्हतीच. अण्णांना वाटलं, लोक सोडताहेत. मलाही तेच वाटलं. आम्ही दोघं खूष होतो. मी नवीन मिसळणाचे डबे काढायला लावले.

श्रावण संपता संपता रेखा आली. रेखा एका दवाखान्यात नर्स. नवरा प्रकाश बाजार आवारात मिरच्यांच्या तोलाईवर. ती ड्यूटीवरून तशीच आली होती. तिनं पिशवीतून एक पोळ्यांचा डबा काढून गादीवर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही डब्यांवर रेखा.

"अण्णा, आणि किती डबे आहेत तुमच्याकडं?"

अण्णांनी एकेक डबा फिरवून नाव वाचलं.

"पहिला आला तेव्हा मी शेजारी पेढे वाटले. सुटला म्हटलं. दुसरा आला तेव्हा गप्प बसले. आता हा तिसरा. परवा बसला निघताना म्हणतो, अण्णांकडं लाल पट्ट्याची न्हाई, तेवढी एक आणून देतो. तुझ्या नावाचाच डबा मिळतोय की, म्हणतो." ती हसली. ते हसू बघवत नव्हतं. "आधी चोरून जात होता. आता सांगून जातो. तुमचं नाव सांगून जातो."

लाल पट्ट्याची चिप नाही, हे प्रकाशला कुठून कळलं, ते मला ठाऊक होतं. प्रदर्शनात गोव्याच्या वाटीत 'लाल पट्ट्याची: अद्याप मिळालेली नाही' अशी चिठ्ठी मी ठेवली होती. जागा रिकामी वाईट दिसते म्हणून.

"माझं नाव पुसून द्या," रेखा म्हणाली.

"ठोकलेलं नाव पुसत न्हाई, अक्का." अण्णा म्हणाले.

"मग मोडीत घ्या."

अण्णांनी तिन्ही डबे काट्यावर ठेवले. मोडीचा भाव केला. रेखानं पैसे मोजून घेतले आणि गेली. बदली भांडं तिनं घेतलं नाही.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अण्णा म्हणाले, "बिडरी अक्का. राहू दे." मग स्टुलावर चढून त्यांनी सगळे मिसळणाचे डबे खाली काढले, झाकणं लावली आणि एका पोत्यात भरले. "मी श्यामला एकदाच हाक मारली होती. यांना रोज मारत बसलो."

मोड बंद झाली. चिप घेऊन कुणी आलं तर अण्णा हात जोडत. रेखाचे तीन डबे मात्र त्यांनी भंगारात घातले नाहीत. आपल्या बैठकीसमोरच्या फळीवर ठेवले, नाव बाहेरच्या बाजूला.

त्या दिवाळीत पाडव्याच्या पूजेला आम्ही दोघं दुकानात गेलो होतो. हे यायला तयार नव्हते, मी नेलं. पूजा झाली, कमलाक्का घरी गेल्या, अण्णा गिऱ्हाइकांना फराळाची ताटली पुढे करत होते. दारात एक माणूस चपला काढत होता. चपला काढायला त्याला फार वेळ लागला.

"अण्णा," तो म्हणाला.

मी अण्णांचा चेहरा पाहिला. तो उजळला, मास्तरांची चिप पाहून उजळला होता त्याहून जास्त. पण या वेळी समोर चिप नव्हती.

"जेवलास?" अण्णांनी विचारलं.

"बसमध्ये खाल्लं." श्याम आत आला. चाळिशीतला असेल, पण गालफडं बसलेली, शर्टाला इस्त्री कडक. त्यानं खिशातून चिप काढून गादीवर ठेवली. "शकुन परत द्यायला आलोय."

अण्णांनी ती उचलली. अंगठा कडेवरून फिरला, मग मधोमध आला. टिंब होतं. अंगठा तिथं थांबला. त्यांनी हात जरा वळवला तेव्हा मला दिसलं: त्या चपट्या अंगठ्याला पांढरी भुकटी लागली होती. टिंब ताजं होतं. त्याच दिवशी, कदाचित बसमध्ये, कशानं तरी कोरलेलं.

अण्णांनी अंगठा धोतराला पुसला आणि चिप माझ्यापुढे धरली. "अक्का, तुम्ही बघा. हीच न्हवं? टिंब बघा की."

खात्री केल्याशिवाय मी चिठ्ठीवर कधी एक अक्षर लिहिलेलं नाही.

"हीच," मी म्हटलं.

श्याम गादीच्या कडेला टेकला. "मग डबा?"

"मोड बंद केली मी."

"सगळ्या हुबळीला दिलास की रे."

अण्णा उठले. वरच्या फळीवरून एक डबा काढला, टिचकी मारून पाहिली. "सुनंदाचं घालू?"

"ती दार उघडत न्हाई. डबा कुठला घेणार?" श्याम खाली बघत म्हणाला. "तुझंच घाल."

"माझं? माझं कशाला?"

"तूच सांगतोस म्हणे. ज्याचं गेलं त्याचं नाव."

दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती उगाच झारे-उलथणी चाळत राहिली. श्यामनं डबा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरला. अण्णांनी छिन्नी लावली. आयुष्यभर न आखता नावं घातलेल्या त्या माणसानं त्या दिवशी आधी पेन्सिलीनं अक्षरं काढून घेतली. मग ठोका. प्रत्येक ठोक्याला श्यामचे खांदे हलत होते. अर्ध्यात अण्णा थांबले, "लागतंय का?" म्हणाले. श्याम म्हणाला, "लागू दे." आमचे हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

नाव झालं. अण्णांनी पोत्यातून पहिला मिसळणाचा डबा काढला आणि ती चिप मधल्या वाटीत ठेवली, श्यामला दिसेल अशी. आणि तेव्हा श्यामचा उजवा हात आपोआप पुढे आला, तळवा वर करून. शकुन परत दिला की नवा मिळतो, लहानपणापासूनची सवय. आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं, पण हात मागे घेणं त्याला जमेना. अण्णांनी त्या हाताकडे पाहिलं. मग ताटलीतली एक चकली उचलली आणि त्या तळव्यावर ठेवली.

"हे खा," ते म्हणाले.

श्यामनं ती खाल्ली. सगळी खाल्ली, हातावरचा चुराही. आणि कारवारच्या बसला गेला.

पुढं त्यानं सोडलं का, मला ठाऊक नाही. मी चौकशी केली नाही. इतर कुठलीही चौकशी मी अर्धवट सोडत नाही. अण्णा त्याच हिवाळ्यात मिरजेला मुलीकडे गेले होते, तिथंच झोपेत गेले. कमलाक्कांनी मिसळणाचे डबे माझ्या घरी पोचवले, "तुम्हीच लावून ठेवलं होतं न्हवं, तुम्हीच बघा" म्हणाल्या. बेंगळुरूहून फोन येतात. मी काही ठरवलेलं नाही. कधी तरी पहिला डबा उघडते. मधल्या वाटीतल्या चिपेवरचा पांढरेपणा आता गेला आहे. टिंब इतर कुठल्याही जुन्या टिंबासारखं काळपट दिसतं. ते खोटं आहे म्हणून आता सांगितलं तरी कुणाला पटणार नाही.

त्या पाडव्याच्या संध्याकाळी अण्णांनी दुकान लवकर बंद केलं. सगळी दुर्गदबैल दिव्यांनी उजळली होती, फटाक्यांचा धूर होता, माणसं खांद्याला खांदा लावून चालली होती. अण्णा स्वतःच्या दुकानातून पोळ्यांचा डबा घेऊन घरी निघाले होते, एखाद्या गिऱ्हाइकासारखे. पिशवी घेतली नव्हती. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि नाव आतल्या बाजूला होतं, शर्टाला टेकलेलं.

"अण्णा," मी मागून हाक मारली, "नाव बाहेरच्या बाजूला."

त्यांना ऐकू गेलं असणार, कारण ते क्षणभर थांबले. पण डबा त्यांनी फिरवला नाही. तसाच धरून ते गर्दीत शिरले.